उठावाची अक्षरं रंगवताना

मॉडेल गाडीवरची उठावाची अक्षरं रंगवायला हात जन्मजात स्थिर लागतो, असं समजून अनेकजण ब्रश हातात घेणंच टाळतात. खरं तर इथे हातापेक्षा रंगांचा क्रम जास्त काम करतो. खऱ्या गाडीवरचं २४ मिमी उंच अक्षर १:२४ मापात अवघं १ मिमीचं होतं. रंग बाहेर जाणारच. म्हणून बॉडीला आधी अ‍ॅक्रिलिक रंग द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि मग अक्षरांवर इनॅमल लावायचा. बाहेर गेलेला ओला इनॅमल टर्पेंटाइनने जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने पुसता येतो. खालचा रंग शाबूत राहतो. तरी गाडीच्या पोटाशी एकदा तपासून घ्यावं.

यात ‘थिनर म्हणजे थिनर’ हा समज सर्वात महागात पडतो. बीडला काय किंवा अंबाजोगाईला काय, हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हटलं तर एनसी थिनरची बाटलीही हातात पडू शकते. लाकडाच्या पॉलिशला तो ठीक. पॉलिस्टायरीनची बॉडी मात्र त्यात विरघळते. बाटलीवर ‘मिनरल टर्पेंटाइन’ वाचूनच घ्या, आणि काम खिडक्या उघड्या ठेवून करा.

ब्रश जितका बारीक तितकं काम बारीक, हेही खरं नाही. अगदी बारीक ब्रशमध्ये रंग मावत नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपुढे गेला की तो टोकावरच सुकतो. टोक चांगलं असलेला १ नंबरचा ब्रश घ्या, रंग कागदावर टिपा, ब्रश आडवा धरून केसांची कड अक्षरांच्या माथ्यावरून अलगद फिरवा. रंग उंच भागालाच लागतो. उन्हाळ्यात हे सकाळी आणि पंखा बंद करून केलेलं बरं.

चंदेरी रंग दिला की क्रोम झाला, असंही वाटतं. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीची जाळी आणि बंपर आठवा. तो लखलखाट चंदेरी रंगात येत नाही, रंग राखाडीच दिसतो. त्यासाठी पातळ चिकट अ‍ॅल्युमिनियम फॉइल मिळते. उठावाच्या अक्षरांवर ती रंगाआधीच चिकटवून टूथपिकने खाचांत नीट दाबायची, वरून बॉडीचा रंग मारायचा आणि तो वाळल्यावर अक्षरांच्या माथ्यावरचा थर अतिशय बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायचा. खालची धातू उघडी पडते. मला ही पद्धत सगळ्यांत देखणी वाटते.

तयार डायकास्ट गाडीवरही ब्रशचं काम जमतं. फक्त आधी ती साबणाच्या पाण्याने धुवा. बोटांचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.