ध्वजनिधी आपण देतो. तो आपल्या गावात परत येतो का?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला की ध्वजदिनाचे कागदी झेंडे आपल्या शेतकी ऑफिसात येतात. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. १९४९ पासून ही प्रथा देशात चालू आहे. आपण झेंडा टाचणीने खिशाला लावतो, डब्यात दहा-वीस रुपये टाकतो आणि वजनकाट्याकडे निघतो. मीही इतकी वर्षे तेच केले. हा पैसा पुढे जातो कुठे आणि मिळतो कुणाला, हे मी कधी विचारले नव्हते. ते विचारायची पाळी क्षारपड जमिनीमुळे आली.

दोन हंगामांमागे निचरा योजनेसाठी क्षारपड क्षेत्राची पाहणी करत होतो. नदीकाठच्या एका गावात वीस गुंठ्यांचे रान मीठ फुटून पांढरेफटक पडलेले. लावण सोडा, तिथे लव्हाळाही धड उगवत नव्हता. खाते मयत सभासदाच्या नावावर होते आणि शेवटचा ऊस कारखान्याला येऊन बरीच वर्षे झालेली. घरी त्यांच्या मंडळी एकट्याच, वय सत्तरीच्या पुढे. मी म्हणालो, "मावशी, मालकांच्या नावचा शेअर अजून तसाच आहे. वारसनोंद करून घ्या. कागदपत्रं काय आहेत?" त्यांनी कॉटखालची लोखंडी पेटी ओढली. सातबारा, जुन्या ऊसबिलाच्या पावत्या, आणि सगळ्यात खाली फडक्यात बांधलेले नौदलाचे डिस्चार्जचे कागद. १९६७ साली भरती, १९७७ साली घरी. हुद्दा स्टोकर. सोबत पांढऱ्या गणवेशातला एक फोटो.

"बोटीत बॉयलरपाशी असायचं त्यास्नी," मावशी म्हणाल्या. "एकाहत्तरच्या लढाईत खुकरी बुडाल्याचं रेडिओवर सांगितलं. माझं तवा नवंच लगीन झालेलं. यांची बोट कंची, ते कुणाला ठावं? पत्र येईपतुर सासूनं तोंडात घास घेतला न्हाई."

'खुकरी' ही आपली युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी बोट सोडली नाही. त्याआधी पाचच दिवस, ४ डिसेंबरला, आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला होता. त्या दिवसाचा नौदल दिन आपण पाळतो. हे सगळे आपल्याला ठाऊक असते. पण त्याच लढाईतून सुखरूप परतलेला स्टोकर आपल्याच गटात ऊस लावत होता, हे किती जणांना ठाऊक होते?

मला ठाऊक होते, म्हणून हे लिहिताना अवघड वाटते. हे गृहस्थ मी ओळखत होतो. गाळप सुरू झाले की ते कारखान्याचा बॉयलर बघायला यायचे आणि आमच्या फायरमनला चार गोष्टी ऐकवून जायचे. एकदा बांधावर बसलो असताना सहज म्हणाले, "आमचं दहाच वरीस झालं साहेब, पंधरा भरली न्हाईत. म्हणून पेन्शन न्हाई." नियमच तसा असेल, असे मी मनाशी म्हटले आणि खोडव्याच्या खताच्या मात्रेवर बोलू लागलो. २०१९ साली ते गेले.

आता तो नियम काय होता ते सांगतो. पूर्वी नौसैनिकाची भरती दहा वर्षांच्या प्रत्यक्ष सेवेसाठी व्हायची. त्यानंतर तितकीच वर्षे त्याला राखीव दलात, म्हणजे 'फ्लीट रिझर्व्ह'मध्ये घेता येई. म्हणजे माणूस घरी, पण लढाई लागली तर हाक मारताच हजर. ही मुदत पुरी केली की रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळायची. ३ जुलै १९७६ पासून सरकारने हे राखीव दलच बंद केले. जुन्या अटीवर भरती झालेल्या आणि त्या तारखेनंतर दहा वर्षे पुरी केलेल्या माणसांची पंचाईत झाली. राखीव दल नाही, म्हणून ती पेन्शन नाही. आणि पंधरा वर्षे भरली नाहीत, म्हणून नेहमीची पेन्शनही नाही. ऐन आडसालीला पाण्याची पाळी तुटावी तसे झाले. माणसे गावी आली आणि गप्प बसली. काही जण मात्र कोर्टात भांडत राहिले. २०१६ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. दास यांच्या खटल्यात निकाल दिला. जे स्वतःहून नोकरी सोडून गेले नव्हते आणि केवळ राखीव दल बंद झाल्यामुळे त्यात जाऊ शकले नाहीत, त्यांना विशेष पेन्शन मिळू शकते, असा त्याचा अर्थ.

आमचे स्टोकर या अटीत बसत होते की नाही, हे त्यांची सेवानोंद पाहूनच ठरले असते. पण निकाल लागल्यावर ते तीन वर्षे हयात होते. एक अर्ज तर गेला असता. गावात पेपर येत होता, माझ्याही घरी येत होता.

आपल्या भागात लष्करी पेशा नवा नाही. पण आपली बहुतेक मुले पायदळात जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून परतलेल्या माणसाला शेजारच्या गावात त्याच पलटणीचे चार जण भेटतात. कुठला फॉर्म, कुणाची सही, बेळगावच्या सेंटरला काय लिहायचे, हे पारावर बसल्याबसल्या कळते. नेव्हीचा माणूस गावात एकटा. त्याचे सोबती कुणी केरळात, कुणी बिहारात. विचारणार कुणाला?

मावशींना घेऊन मी आधी एका ऑफिसात गेलो. तिथे "नेव्हीचं आमच्याकडे नाही" म्हणून दारातूनच परत पाठवले. ते खरे नव्हते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तिन्ही दलांसाठी असते. तिथे गेल्यावर कळले, की पती-पत्नी दोघांपैकी कुणाचीच नोंद नाही. १९७७ पासून कुणी तिकडे फिरकलेच नव्हते. शिवाय कागदावर मावशींचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. वारसनोंदीला आपल्याकडे जे होते तेच तिथे. मयताच्या नावावरचा शेअर जसा सभासदाच्या घरी साखर आणत नाही, तसा नोंद नसलेला सैनिक ध्वजनिधीच्या यादीत येत नाही.

पैसा कुठे जातो तेही तिथेच समजले. केंद्राचा सशस्त्र सेना ध्वजदिन निधी १९९३ साली निरनिराळे निधी एकत्र करून झाला. त्यातून केंद्रीय सैनिक बोर्ड मदत देते. पेन्शन नसलेले, ६५ वर्षे पुरी झालेले आणि नियमित उत्पन्न नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा पत्नी यांना निर्वाह अनुदान मिळते. ते महिना ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केले आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत दोन मुलांच्या शिक्षणाला दरमहा मुलामागे १,००० मिळत, ते २,००० झाले. मुलीच्या लग्नाला ५०,००० होते, ते १ लाख. ही मदत दोन मुलींपर्यंत. सैनिकाच्या विधवेने पुन्हा लग्न केले तरी ती मिळते. या मदतीला हुद्द्याची अट आहे: पायदळात हवालदारापर्यंत, नौदलात त्याच्या बरोबरीच्या पेटी ऑफिसरपर्यंत. म्हणजे आपल्या गावातून गेलेले बहुतेक सगळे त्यात बसतात. घरपट्टीची माफी निराळी. ती महाराष्ट्रात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना २०२० पासून आहे, ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा लागतो.

नौदलाची स्वतःचीही व्यवस्था आहे. 'इंडियन नेव्हल बेनेव्होलंट असोसिएशन' ही संस्था नौदलातल्या लोकांच्याच वर्गणीवर चालते आणि अडचणीतल्या कुटुंबांना हात देते. आपल्या सभासद कल्याण निधीसारखेच म्हणा. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला 'ब्युरो ऑफ सेलर्स'कडे असतात आणि पेन्शनचे नेव्हल ऑफिसही मानखुर्दलाच आहे. डिस्चार्जचा कागद पुरात गेला, उंदरांनी खाल्ला, तरी सेवा क्रमांक सांगितला की तिथे माग काढता येतो. म्हणून काही नाही तरी तो क्रमांक घरातल्या दोघांतिघांना पाठ असू द्या.

जाता जाता तरुण सभासदांना एक सांगतो. २०२२ पासून नौदलातही अग्निवीर भरती सुरू झाली. ओडिशात चिल्का येथे प्रशिक्षण, चार वर्षे नोकरी, शेवटी सेवानिधीची रक्कम, पेन्शन नाही. पोरगे भरती झाले की आपण मिरवणूक काढतो, काढावीच. पण त्याच्या करारात काय लिहिले आहे ते घरातल्या कुणीतरी वाचावे. १९६७ चा करार आमच्या स्टोकरांच्या घरी कुणी वाचला नव्हता.

मावशींची नोंद झाली. नावातल्या फरकाचे प्रतिज्ञापत्र केले, निर्वाह अनुदानाचा अर्ज पुढे गेला. विशेष पेन्शनबद्दल मालकांच्या पश्चात काही करता येते का, असे मानखुर्दला वेगळे पत्र घातले आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे. वीस गुंठ्यांचे रान निचरा योजनेत धरले आहे. शेअरची वारसनोंदही उरकली, आणि गेल्या दिवाळीला त्यांनी साखर स्वतःच्या सहीने नेली.

मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळाच्या परवानगीने आता प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवली आहे. आपल्या घरात, भावकीत किंवा शेजारी कुणी सैन्यातून आलेला असेल, हयात असो वा नसो, त्याचे नाव, दल, सेवा क्रमांक आणि पत्नीचे नाव चिटबॉयकडे किंवा ओव्हरसिअरकडे द्यावे. दर महिन्याला ती यादी मी स्वतः जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेतो. माझ्या गटातून आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. त्यांत नेव्हीची तीन, आणि त्यांतल्या दोघांनी दहा वर्षांवर नोकरी संपवलेली आहे.