हायड्रोजनने घडवलेला हिरा

१६ डिसेंबर १९५४. अमेरिकेतल्या शेनेक्टडी गावात, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी दाबयंत्रातला नमुना फोडला आणि आतल्या धातूच्या चकतीला चिकटलेले बारीक त्रिकोणी पैलू लखलखले. ग्रॅफाइटचा हिरा झाला होता. स्वीडनच्या आसिया कंपनीने १९५३ मध्येच ही किमया साधली होती, पण ती गुपित ठेवली. हॉल यांची रीत सगळ्यांना समजेल अशी आहे: प्रचंड दाब, दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता आणि कार्बन विरघळवून घेणारा वितळलेला धातू. धरणीच्या पोटात घडते त्याचीच ही नक्कल.

खरी नवलाई दुसऱ्या रीतीत आहे, कारण तिथे दाब जवळपास नसतोच. हवा काढून घेतलेल्या पेटीत हिऱ्याची पातळ चकती बीज म्हणून ठेवतात. मग हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडून मायक्रोवेव्हने तो वायू इतका तापवतात की रेणू फुटतात आणि चकतीवर झगझगीत प्रकाशाचा गोळा तरंगू लागतो. मिथेनमधला कार्बन चकतीवर बसतो. अशा कमी दाबाला खरे तर त्याचे ग्रॅफाइट व्हायला हवे; थोडे होतेही. पण सुटा हायड्रोजन ते शेतातले तण खुरपावे तसे काढून टाकतो. चार शेजाऱ्यांशी घट्ट जोडलेल्या हिऱ्यातल्या अणूंना मात्र तो सहसा हलवू शकत नाही. तासाला काही मायक्रोमीटर, अशी वाढ काही आठवडे चालते. बाहेर येते ती काळपट कडांची चौकोनी वडी. लेसरने कडा छाटल्या, पैलू पाडले, की हा हिरा दागिन्यात बसतो.

त्याला खोटा म्हणणे मला मुळीच मान्य नाही. ‘अमेरिकन डायमंड’ नावाने विकला जातो तो झिर्कोनियाचा खडा, त्यात कार्बन नसतो. हा मात्र अंतर्बाह्य हिराच आहे. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनच्या अणूंचे पुंजके असतात, यात ते नसतात. हा फरक सराफाच्या भिंगातून दिसत नाही, त्यासाठी यंत्रच लागते.

म्हणून हौसेने घ्या, पण बिलावर ‘लॅब-ग्रोन’ असे स्पष्ट लिहून घ्या, प्रमाणपत्र मागा आणि परत द्यायची वेळ आली तर काय भाव मिळेल, हे पैसे मोजण्याआधी विचारा.