गुलमर्ग, मार्च : पहिल्यांदा स्की करणाऱ्यांसाठी

गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. मार्चमध्येही तिथे बर्फ असतो, पण ऊन चढेल तशी त्याची जात बदलते. रात्रभर गोठलेला थर सकाळी टणक आणि निसरडा, मग वरचा पापुद्रा सैल होतो, आणि दुपारनंतर ओल्या, जड बर्फात स्की वळता वळत नाही. शिकायला सकाळची मधली वेळच उत्तम. दमलेल्या पायांनी ‘आणखी एकच फेरी’ मारू नका. गुडघे दुखावतात ते अशा वेळी.

बूट भाड्याने मिळतात, ते निवडताना मात्र घाई नको. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवून झुकल्यावर मोकळी व्हावीत, टाच जागची हलू नये. मोजा एकच, लोकरीचा. दोन घातले की घड्या पडून पाय सोलवटतो. जीन्स हॉटेलवरच राहू द्या, भिजली की वाळत नाही.

बर्फावरून ऊन उलटं येतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीच्या आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. ढगाळ दिवशीही गॉगल हवाच.

निघण्याआधी महिनाभर उठाबशा काढा, जिने चढा-उतरा.

गोंडोलाचा, म्हणजे इथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, ३९०० मीटरच्या पुढे नेतो. तिथून स्कीवर उतरणं सरावलेल्यांचं काम. नवशिक्यांनी खालच्या सौम्य उतारांवर प्रशिक्षकासोबतच राहावं.

आणि हो, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं.