भिंतीच्या दोन बाजूंचे प्रेक्षक

नागराज मंजुळे यांचा २०२२ साली प्रदर्शित झालेला 'झुंड' हा हिंदी चित्रपट नागपूरचा आहे. येथील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविले, त्या कार्यावर तो आधारलेला आहे. त्यातील आंबेडकर जयंतीचा प्रसंग एखाद्या प्रेक्षकास कथेची गती अडविणारा वाटेल. परंतु १४ एप्रिलची वर्षभर वाट पाहणाऱ्या घरास, अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडतात तो क्षणच चित्रपटाचा गाभा वाटावा, यात नवल ते काय! हिंदी पडद्यावर तो इतक्या उशिरा आला, ही सलही त्या आनंदात मिसळलेली असते.

आणि हा भेद काही नागपूर व मुंबई एवढाच नव्हे. एकट्या सक्करदऱ्यातही प्रेक्षक एकजिनसी नाही. महाविद्यालय आणि वस्ती यांमधील चित्रपटातली भिंत एकाला केवळ सुरक्षेची सोय वाटेल. दुसऱ्याला चेंडू आणण्यासाठी ती ओलांडल्याबद्दल खाल्लेला मार आठवेल.

मग 'ज्याचे जळते त्यालाच कळते' असे म्हणून मोकळे व्हावे काय? नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी त्यातील कित्येक शब्दांविषयीचे आपले अज्ञान लपविले नाही. एवढ्या मोठ्या नाटककारास त्यात कमीपणा वाटला नाही. वर्गात मात्र अशी कविता शिकविताना शब्दार्थ फळ्यावर तयार असतात. आणि ज्याच्या घरी तो शब्द रोज बोलला जातो, तो विद्यार्थी मागच्या बाकावर बसून ते मुकाट्याने उतरवून घेत असतो.