विश्लेषण : काउंटर बंद अर्धा तास, मग रांग दोन तास का हटत नाही?

दुपारी एक वाजता बँकेच्या कॅश काउंटरवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लागते. दीडला काउंटर उघडतो, तरी अडीचला आलेल्या खातेदारालाही ताटकळावं लागतं. राग निघतो तो कर्मचाऱ्यावर. पण खरं कारण अनेकदा गणितात असतं.

रांग इतकी का रेंगाळते?

समजा, एका ग्राहकाच्या कामाला ४ मिनिटं लागतात आणि दर ५ मिनिटांनी नवा ग्राहक येतो. म्हणजे तासाला १२ जण येतात आणि १५ जणांचं काम होऊ शकतं. अर्ध्या तासाच्या सुट्टीत ६ जण साचतात. काउंटर उघडल्यावरही लोक येतच राहतात, त्यामुळे रांग तासाला फक्त ३ जणांनी कमी होते. ती संपेपर्यंत साडेतीन वाजतात.

तासाला ८ जणच येत असते, तर ४ जण साचले असते आणि सुमारे ३५ मिनिटांत रांग संपली असती. सुट्टी तेवढीच, पण काउंटरवर कामाचा ताण कमी.

मग सुट्टी कमी करायची का?

तशी गरज नाही. तासाभराहून अधिक अंतराने १५ मिनिटांच्या दोन सुट्ट्या दिल्या, तर प्रत्येक वेळी ३ जणच साचतात. सगळ्या ग्राहकांची मिळून जादा प्रतीक्षा ४५० मिनिटांवरून २२५ मिनिटांवर येते. अर्थात, १५ मिनिटांत जेवण उरकायला लावणं योग्य नाही. त्यामुळे जेवणाच्या वेळी दुसऱ्या कर्मचाऱ्याला बसवणं किंवा गर्दी ओसरल्यावर सुट्टी देणं, हे अधिक व्यवहार्य.

अभ्यासक काय सांगतात?

रांगांच्या गणिताचा पाया डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉल्सच्या अभ्यासातून घातला. सेवा देणारा अधूनमधून दुसऱ्या कामासाठी उठत असेल तर काय होतं, याचं सूत्र योनातन लेव्ही आणि उरी येचियाली यांनी १९७५ मध्ये मांडलं. त्यातून दिसतं की सुट्टी जितकी लांब आणि अनियमित, तितकी प्रतीक्षा वाढते. सरासरी तेवढीच असली, तरी कधी ५ तर कधी २५ मिनिटं उठणं ठरलेल्या १५ मिनिटांपेक्षा महागात पडतं.

ग्राहकाने काय करावं?

वरच्या उदाहरणात दीडला येणाऱ्याला २४ मिनिटं, अडीचला येणाऱ्याला १२ मिनिटं जादा थांबावं लागतं. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. म्हणून सुट्टीच्या बऱ्याच आधी पोहोचावं. काउंटर उघडताच गाठण्याची घाई फायद्याची नाही.