राजपुत्र, त्याची सावली आणि लोहाचे ऑक्साइड

भिलाईच्या पोलाद कारखान्याला दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून जे खनिज येते ते हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू या प्रमाणात बनलेले ऑक्साइड होय. आणि १९९० च्या दशकात घराघरांतून, शाळांच्या संगणक कक्षांतून हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीच्या चकतीवर जो तपकिरी थर दिलेला असे, त्यातील ऑक्साइडातही लोह व ऑक्सिजन यांचे प्रमाण हेच असे. फरक होता तो अणूंच्या मांडणीचा. हेमॅटाइटमध्ये शेजारशेजारच्या लोह-आयनांची चुंबकत्वे परस्परविरुद्ध दिशांनी उभी राहून एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून काढतात, तर मॅगहेमाइट नावाच्या दुसऱ्या रूपात ती दोन असमान गटांत वाटली गेल्याने खोडाखोडीनंतरही काही चुंबकत्व शिल्लक उरते. पहिल्याची रवानगी झोतभट्टीत होते. दुसऱ्याचे सुईसारखे सूक्ष्म कण, बहुधा थोडे कोबाल्ट मिसळून, प्लॅस्टिकच्या चकतीवर चिकटवले की त्यावर माहिती साठवता येते. हे कण कोणत्या दिशेने चुंबकित झाले आहेत हे फ्लॉपी वाचणाऱ्या शीर्षाला कळत नाही. चकती फिरताना ती दिशा कोठे उलटली एवढेच त्याला कळते, आणि या उलटण्यांमधील अंतरांवरून शून्य व एक यांची मालिका पुन्हा उभी केली जाते.

अशा फ्लॉप्यांवरून भारतभर पसरलेल्या खेळांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या साहसी खेळाचे स्थान वरचे आहे. जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने तो जवळजवळ एकट्याने ॲपल-२ या संगणकासाठी लिहिला, ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८९ मध्ये बाजारात आणला, आणि पुढच्या वर्षी त्याची डॉस प्रणालीवर चालणारी आवृत्ती निघाली. भारतात तो पोहोचला तो या आवृत्तीच्या रूपाने, बहुतेक ठिकाणी खोक्याविना आणि माहितीपुस्तिकेविना. पुस्तिका नसण्याचा एक फटका असा, की पहिली लेव्हल पार करताच राजपुत्र अक्षरे लिहिलेल्या औषधांच्या दालनात येई आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या औषधावर असेल तेच प्यावे, अशी अट पडे. नकलांना आळा घालण्याची ही युक्ती होती, आणि तिला बगल दिलेल्या नकलाच अर्थातच जास्त फिरल्या. खेळ सुरू करताना नावापुढे ‘मेगाहिट’ हा शब्द टाइप केला की काही छुप्या कळा कामाला येतात, ही माहितीदेखील पुस्तिकेवाचूनच गावोगाव पोहोचली होती.

कारखान्याच्या आखीव सेक्टरांच्या बाहेर, ग्रेट ईस्टर्न रोडला लागून वाढलेल्या सुपेला या भिलाईच्या गजबजलेल्या भागातील एका वाचकाचा प्रश्न याच खेळाविषयी आहे: पडद्यावर मोजक्या ठिपक्यांचा बनलेला तो पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र, त्यानंतरच्या कितीतरी देखण्या खेळांतील पात्रांपेक्षा अधिक जिवंत का वाटतो? स्मृतिरंजन हे उत्तराचा एक भाग असेलच, कारण बालपणी पाहिलेले सगळेच मोठे वाटते. परंतु या बाबतीत मोजता येण्यासारखे कारणही आहे.

ते कारण म्हणजे वजन. त्या काळच्या बहुतेक खेळांतील पात्रे कळ दाबताच पूर्ण वेगाने धावू लागत आणि कळ सोडताच जागच्या जागी थांबत, म्हणजे त्यांना जडत्वच नसे. हा राजपुत्र मात्र धावताना थांबवला तर घसरत थांबतो, वळायचे झाल्यास आधी शरीराचा तोल सावरतो, आणि कड्याला लोंबकळून वर चढताना त्याच्या खांद्यांवर भार आल्याचे दिसते. उंचावरून पडण्याचे नियमही त्याला लागू आहेत. एक मजला पडल्यास काही होत नाही, दोन मजल्यांनी प्राणशक्तीचा एक त्रिकोण जातो, तीन मजल्यांनी खेळ संपतो. एक मजला तीन मीटरचा धरून हिशेब केला, तर जमिनीवर आदळतानाचा वेग अनुक्रमे ताशी सुमारे २८, ३९ आणि ४८ किलोमीटर येतो. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, पण शरीराने पचवायची ऊर्जा थेट उंचीच्या प्रमाणात, म्हणजे एकास दोन, दोनास तीन अशी वाढते. पहिल्या मजल्याबाबत खेळ फारच उदार आहे, हे कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. पण ऊर्जेच्या पायऱ्या मात्र त्याने बरोबर पकडल्या आहेत.

हे वजन मेक्नर यांनी कल्पनेने काढलेले नव्हते. १९८५ मध्ये त्यांनी आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला एका वाहनतळावर धावायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग ती फीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एकेका चौकटीला थांबवून, अंधाऱ्या खोलीत पडद्याचेच छायाचित्र घेतले, धुऊन आलेल्या छायाचित्रांवर काळ्या शाईने आणि पांढऱ्या खोडरंगाने शरीराची ठळक आकृती गिरवली, आणि त्या आकृत्या संगणकात उतरवून घेतल्या. पुढे प्रत्येक आकृतीतील एकेक ठिपका हाताने सुधारला. या पद्धतीला रोटोस्कोपी म्हणतात. तिचा शोध मॅक्स फ्लायशर यांचा, आणि त्यांना तिचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले. गंमत अशी, की फ्लायशर यांनी आपल्या विदूषकाच्या चित्रपटांसाठी विदूषकाचा वेष चढवून ज्याला कॅमेऱ्यापुढे नाचवले तोही त्यांचा भाऊच, आणि त्याचेही नाव डेव्ह. सत्तर वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी गतीचा अभ्यास करण्यासाठी घरातला सर्वांत फुकट उपलब्ध असलेला देह वापरला, असे म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला येथे दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९१२ मध्ये चित्रपटासाठी भांडवल उभे करताना फाळक्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या वेळाने एकेक चौकट टिपून दाखवली होती. डोळ्याला दिसू नये इतकी संथ हालचाल त्यांनी चौकटी जोडून वेगवान केली. मेक्नर यांनी डोळ्याला निसटावी इतकी जलद हालचाल चौकटी सुट्या करून पकडली. गणिताच्या दृष्टीने दोन्ही क्रिया एकच आहेत, कारण दोन्हींत सलग काळाचे ठरावीक अंतराने नमुने घेतले जातात आणि मधला काळ प्रेक्षकाचा मेंदू भरून काढतो.

तथापि या खेळाविषयी जी आख्यायिका वारंवार छापली जाते ती रोटोस्कोपीची नव्हे, तर टंचाईची आहे. संगणकाची स्मृती अपुरी होती, म्हणून प्रतिभा फुलली, असा तिचा सारांश. ही आख्यायिका तपासून पाहण्याजोगी आहे, कारण अपुऱ्या स्मृतीत लिहिलेले शेकडो रटाळ खेळ आज कोणालाही आठवत नाहीत.

वस्तुस्थिती अशी, की डेव्हिडच्या आकृत्यांनी ॲपल-२ ची बरीचशी स्मृती व्यापल्यावर खेळात दुसरे पात्र घालायला जागा उरली नाही, आणि राजपुत्र रिकाम्या तळघरांतून सापळे चुकवत एकटाच फिरत राहिला. मेक्नर यांना ते पुरेसे वाटत होते. त्यांच्या सहकारी टोमी पिअर्स यांना तसे वाटत नव्हते. खेळात झुंज हवी, प्रतिस्पर्धी हवा, हा धोशा त्यांनी सोडला नाही, आणि नव्या पात्राला जागा नसेल तर राजपुत्राच्याच आकृत्या वापरून त्याचा प्रतिस्पर्धी उभा करावा, ही वाटही त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातूनच निघाली. मेक्नर यांनी स्वतः हे अनेकदा सांगितले आहे. तरीही खेळाच्या कौतुकाच्या लेखांत पिअर्स यांचे नाव क्वचितच दिसते. पुढे १९९७ मध्ये आलेल्या ‘द लास्ट एक्सप्रेस’ या खेळाच्या कथेतही त्या मेक्नर यांच्या सहलेखक होत्या, याची नोंद त्याहून कमी ठिकाणी सापडते.

पण आकृत्या त्याच वापरायच्या तर दोन राजपुत्र वेगळे कसे ओळखायचे? यासाठी जी क्रिया वापरली गेली तिला ‘एक्सॉर’ म्हणतात, आणि तिचा नियम एवढाच, की दोन अंक सारखे असतील तर उत्तर शून्य, वेगळे असतील तर एक. राजपुत्राच्या दंडाचा आडवा छेद पडद्यावर ०११११०० असा आहे असे मानावे, म्हणजे मध्ये चार ठिपके उजळलेले आणि दोन्हीकडे अंधार. हीच ओळ एक घर उजवीकडे सरकवली की ००११११० होते. आता दोन्हींची वरखाली तुलना केली तर उत्तर येते ०१०००१०. आतला भरीव भाग दोन्ही ओळींत सारखाच असल्याने नाहीसा झाला, बाहेरचा अंधारही सारखाच असल्याने अंधारच राहिला, आणि जेथे प्रकाश सुरू होतो व जेथे संपतो त्या दोनच जागा शिल्लक उरल्या. संपूर्ण शरीरावर ही क्रिया केली की भरीव माणसाच्या जागी त्याच्या कडांची पोकळ, लखलखणारी रेघ पडद्यावर धावू लागते, आणि त्यासाठी एकही नवी आकृती साठवावी लागत नाही. शेजारच्या मूल्यांमधील फरक काढून कडा शोधणे हे अवकलनाचेच अंकीय रूप आहे, आणि क्ष-किरण चित्रातील हाडाची कड किंवा उपग्रह चित्रातील किनारा शोधणाऱ्या प्रणालींच्या मुळाशीही हेच तत्त्व असते.

हा छायापुरुष खेळात चौथ्या लेव्हलवर जन्मतो. वाटेत आरसा आडवा येतो, राजपुत्र त्यातून धावत उडी मारतो, आणि त्याचे प्रतिबिंब उलट दिशेने बाहेर पडून पळून जाते. पुढे ते त्याचे औषध पळवते, दार बंद करून त्याला खाली पाडते, आणि बाराव्या लेव्हलवर तलवार उपसून समोर ठाकते. त्याला मारलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. तलवार म्यान करून त्याच्या अंगावर चालत गेले की दोघे एक होतात, हे उमगायला पुस्तिकेवाचून खेळणाऱ्या मुलांना किती उन्हाळी सुट्ट्या लागल्या असतील याचा हिशेब नाही. पुन्हा वापरलेल्या आकृत्यांची काटकसर कथेच्या केंद्रस्थानी जाऊन बसल्याचे इतके चोख उदाहरण दुसरे सापडणे कठीण. नंतर मेक्नर यांनी जागा काढून पहारेकरीही आणले आणि त्यांच्या तलवारबाजीसाठी १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातील एरॉल फ्लिन व बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वातील काही सेकंदांचा तुकडा गिरवला; त्या तुकड्याचे मोल एवढ्यासाठी, की त्यात दोघेही योद्धे कॅमेऱ्याला अचूक आडवे उभे आहेत.

हे सारे तपशील आज मूळ आज्ञावलीच्या ओळींशी पडताळून पाहता येतात, याचे श्रेय पुन्हा त्या तपकिरी थराला आणि थोड्या नशिबाला जाते. मेक्नर यांनी मूळ आज्ञावली हरवली असे गृहीत धरले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना, फ्रान्सिस मेक्नर यांना, घरातील कपाटात जुन्या फ्लॉप्यांचा गठ्ठा सापडला. (खेळाचे संगीतही या मानसशास्त्रज्ञ वडिलांचेच.) डिजिटल दस्तऐवजांच्या जतनासाठी झटणारे जेसन स्कॉट आणि ॲपल-२ चे जाणकार टोनी डियाझ यांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिलेल्या फ्लॉपीत कणांचे चुंबकत्व क्षीण होते, त्यांना धरून ठेवणारा बंधक थर झिजतो, दमट हवेत बुरशी धरते. म्हणून सुपेला किंवा अन्यत्र कोणाच्या कपाटात अशा फ्लॉप्या असतील, तर त्या सहज म्हणून ड्राइव्हमध्ये घालून पाहू नयेत. आधी चकतीवर बुरशीचे डाग आहेत का ते सरकते झाकण उघडून पाहावे, आणि पहिल्याच वाचनात संपूर्ण चकतीची प्रतिमा उतरवून घ्यावी, कारण दुसऱ्या वाचनाची खात्री नसते.

या खेळाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला तो बराच नंतर. मेक्नर यांच्या सहभागाने २००३ मध्ये मॉन्ट्रियल येथे युबिसॉफ्टने तयार केलेल्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ या त्रिमितीय अवताराची नवी आवृत्ती घडवण्याचे काम त्याच कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिल्या झलकीतील चित्रांवर जगभरातून टीका झाली, प्रकाशनाच्या तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम पुन्हा मॉन्ट्रियलकडे सोपवण्यात आले. या घटनेवरून भारतीय कारागिरीविषयी जे शेरे मारले गेले ते उथळ होते. जुन्या राजपुत्राला फार थोड्या ठिपक्यांत पटवून द्यायचे होते आणि उरलेले खेळणाऱ्याची कल्पना पुरे करीत होती. आता चेहऱ्याची प्रत्येक सुरकुती दाखवायची तर प्रत्येक सुरकुती चुकू शकते, आणि तुलना प्रत्यक्ष जुन्या खेळाशी न होता लोकांच्या आठवणीतील खेळाशी होते.

त्याच २०२० मध्ये पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूचा ‘राजी’ हा खेळ प्रकाशित झाला. भावाच्या शोधात निघालेली त्यातील मुलगी भिंतींवरून धावते, कड्यांना लोंबकळते, खांबांवर चढते, म्हणजे वाहनतळावरील डेव्हिडची वंशावळ तिच्यापर्यंत स्पष्ट पोहोचते. तिची कथा पुढे सरकते ती मात्र छायाबाहुल्यांच्या प्रवेशांतून, आणि छायाबाहुली पडद्यावर वाचता यावी म्हणून ती, फ्लिन व रॅथबोन यांच्याप्रमाणेच, प्रेक्षकाला आडवी उभी केलेली असते.