उघड्यावरचे अर्घ्य

‘पेगन’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘खेडवळ’ असा आहे. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म रुजल्यावर जुने देव न सोडणाऱ्यांना हिणवण्यासाठी तो वापरला गेला आणि आज युरोपातील त्या देवांचे उपासक तोच शब्द अभिमानाने मिरवतात. श्रद्धा लपवायची नाही आणि कोणाच्या गळीही उतरवायची नाही, ही त्यांची भूमिका आइसलँडमध्ये विशेष अर्थपूर्ण ठरते, कारण लपवण्याचा प्रश्न तेथे एकदा कायद्यानेच निकालात काढला होता.

इ. स. १००० च्या सुमारास थिंगवेत्लिरच्या मैदानात भरणाऱ्या ‘आल्थिंग’ या लोकसभेत ख्रिस्ती आणि पेगन हातघाईवर येऊ लागले, तेव्हा निवाडा थोर्गेर या विधिवक्त्यावर, म्हणजे सभेत कायदा मुखोद्गत सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर, सोपवण्यात आला. स्वतः पेगन असलेल्या थोर्गेरने एक दिवस आणि एक रात्र पांघरूण घेऊन विचार केला आणि सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा, मात्र जुन्या देवांना बळी द्यायचाच असेल तर तो गुपचूप द्यावा, साक्षीदार निघाल्यास शिक्षा होईल, असा निकाल दिला. गुन्हा श्रद्धेत नव्हता, दिसण्यात होता. आणि ही आडपडद्याची सवलतही काही वर्षांतच काढून घेतली गेली.

१९७२ मध्ये स्वेनब्यर्न बेन्टेन्सन या मेंढपाळ कवीच्या पुढाकाराने डझनभर लोकांनी आसात्रू मंडळ स्थापन केले (‘आसात्रू’ म्हणजे थोर, ओडिन आदी ‘आसिर’ देवांवरील निष्ठा) आणि बिशपचा विरोध असूनही १९७३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. मंडळाचे प्रतिनिधी मंत्र्यांना भेटून गेल्यावर राजधानीत वीज कडाडून दिवे गेले, असे सांगतात. थोर हा मेघगर्जनेचाच देव असल्याने ही हकीकत आजही चवीने सांगितली जाते.

मंडळाच्या मुख्य विधीला ‘ब्लोट’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ बळी असला तरी येथे प्राणी मारला जात नाही. शिंगाचा प्याला हातोहात फिरतो, देवांचे आणि पूर्वजांचे स्मरण होते, जमिनीवर अर्घ्य दिले जाते आणि मग सहभोजन होते. श्रद्धेने अथवा निव्वळ कुतूहलाने आलेल्या पाहुण्यालाही मज्जाव नसतो. या पंथाला सर्वांनी मानावा असा एकच ग्रंथ नाही, आणि पंथ न मानणाऱ्याचा आत्मा नरकात जाईल अशी भीतीही नाही. ज्याला वाचवायचेच नाही त्याच्या मागे धर्मप्रचारक धाडण्याचे कारणच उरत नाही. खरे तर मोह आहे, कारण आइसलँडमध्ये नोंदणीकृत धर्मसंस्थांना प्रौढ सदस्यांच्या संख्येनुसार सरकारी निधी मिळतो. तरीही प्रचाराविना ही संख्या जेमतेम चार लाख वस्तीच्या देशात पाच हजारांपलीकडे गेली आहे.

मोकळेपणाची किंमतही असते. थोरचा हातोडा हे चिन्ह वंशद्वेषी गटांनीही उचलले असल्याने, मंडळाला आपण त्यांच्यापैकी नाही हे जाहीरपणे सांगावे लागते, आणि समलिंगी विवाह लावण्याच्या त्याच्या भूमिकेवरून परदेशातील काही आसात्रू उपासकांनीच त्याला द्वेषाची पत्रे पाठवली होती.

मंडळाचे वार्षिक उन्हाळी ब्लोट मात्र थिंगवेत्लिरलाच होते: ज्या मैदानात साक्षीदारांची धास्ती घातली गेली, तेथेच दिवसाउजेडी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत.